‘ख’चे पाय

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. गावच्या मुख्य रस्त्यावर पहिल्यांदा ट्यूबलाइटी लागल्या त्या ह्याच वर्षी, आणि नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या सासूबाई दवाखान्याच्या दारातून परत गेल्या त्याही ह्याच वर्षी. ट्यूबलाइटींचं लोक विसरले. सासूबाईंचं अजून सांगतात.

झालं असं, की सासूबाईंची दाढ ठणकत होती. जावयाला त्रास नको म्हणून न कळवताच त्या सकाळच्या बसने आल्या आणि थेट नगरपालिकेच्या दवाखान्यासमोर उतरल्या. दारावर गावच्या पेंटरनं रंगवलेली भलीमोठी पाटी. सासूबाईंनी चष्मा पुसला, अक्षराला अक्षर लावलं आणि वाचलं, “द… वा… र… वा… ना.” दवा रवाना! औषध रवाना झालं म्हणजे आता बसून काय करायचं, असं म्हणून गालाला पदर लावून त्या आल्या पावली परतल्या. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचं पत्र आलं. त्यात दाढेबद्दल दोन ओळी होत्या आणि नगरपालिकेच्या कारभाराबद्दल दोन पानं.

हल्लीच्या मंडळींना ह्यातली गंमत चटकन कळायची नाही. आता ‘ख’ काढताना र चा पाय पुढे जाऊन व ला मिळतो. त्या काळी जुन्या वळणाच्या ‘ख’मध्ये र आणि व शेजारी शेजारी उभे असत, पण रुसलेल्या जावांसारखे एकमेकांना शिवत नसत. शाळेच्या नव्या पुस्तकात ‘ख’चे पाय जोडलेले, वडीलधाऱ्यांच्या हातात सुटे, आणि पेंटरच्या ब्रशात तर पार मोकळे सुटलेले. त्यामुळे मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यावर ‘कार रवाना’ असं दिसे आणि गाडी न्यायला आलेला माणूस दचके.

मुख्याधिकाऱ्यांनी पत्र घडी करून ठेवलं आणि जाहीर केलं की पेंटरचं काम बंद. नगरपालिकेच्या एकशेबारा पाट्या उतरवायच्या आणि शहरातल्या एका कंपनीकडून साच्यातून छापलेल्या नव्या आणायच्या.

ही बातमी नकाशेबाईंना लागली आणि त्यांचा त्या दिवशीचा चहा गार झाला.

नकाशेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत अक्षरं काढून त्या निवृत्त झाल्या, भावाकडे राहायला आल्या, आणि गावानं त्यांना हेच नाव दिलं. त्यांचं काम असं: साहेबलोक जमीन मोजून आणत, दुसरं कोणी रेघा ओढी, आणि नावं घालायची ती बाईंनी. ट्रेसिंगच्या कापडावर, टाकानं, काळ्याभोर शाईत. नदीचं नाव तिरकं आणि वळणावळणानं वाहतं, डोंगराचं ऐसपैस, खेड्याचं मुंगीएवढं. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं. बाईंचं ब्लेड न वापरता गंजलं, असं त्या स्वतःच सांगत. नकाशाखाली सही साहेबाची. अक्षरं काढणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. “पोरी, ‘ख’चे पाय बांधून ठेव. नाहीतर गाव पळून जातं.” म्हणे कोणा एका खेड्याच्या नावातला ‘ख’ सुटा राहिला होता आणि मोजणीचं पथक तीन दिवस नसलेलं गाव शोधत हिंडलं होतं.

बाई रोज संध्याकाळी फिरायला जात. लोक हवा खायला जातात, बाई अक्षरं बघायला जात. न्हाव्याच्या पाटीवरची अक्षरं भांग पाडल्यासारखी. शिंप्याच्या पाटीत प्रत्येक काना इस्त्री केलेला. फोटोवाल्याच्या पाटीत जागेचा अंदाज चुकला होता, त्यामुळे ‘फोटो’ पाय पसरून बसलेला आणि ‘स्टुडिओ’तला ओ चौकटीला चिकटून अवघडलेला. सगळ्या अक्षरांची सावली उजवीकडे. पेंटरच्या पाट्यांपुरते गावात कायम सकाळचे दहाच वाजलेले असत. पण शिरोरेषा! ती अशी सरळ, की बाई तिच्यासाठी रस्त्यात थांबत. ही रेघ दोरी न धरता ओढलेली आहे हे त्यांना कळत होतं, आणि हे कळणारं गावात आपल्याखेरीज कोणी नाही, हेही त्यांना कळत होतं.

तेव्हा त्या तडक पेंटरच्या खोलीवर गेल्या. तो एका पाटीला पांढरा हात देत होता.

“पेंटर, तुमचा ‘ख’ सुटा आहे.”

“सुटाच असतो, बाई. आमच्या वडिलांचाही सुटाच होता.”

“सासूबाईंनी त्याचा र आणि व वाचला.”

“आम्ही रंगवायचं. वाचायचं काम पब्लिकचं.”

“पब्लिकनं वाचलं म्हणूनच तुमच्या हातचं काम जातंय!”

पेंटरनं ब्रश कानामागे ठेवला आणि स्टुलावर बसला. आत त्याची मुलगी शाळेची कविता घोकत होती. “ह्या वयात दुसरं काय येतं मला? पाट्या सोडून जन्मात एकच गोष्ट रंगवलीय, सासऱ्यांचं घर. ते त्यांनी दुसऱ्या महिन्यात पुन्हा रंगवून घेतलं.”

“दुसरं काही नको. एक रेघ हवी. गव्हाएवढी, प्रत्येक ‘ख’ला. कुठे कुठे ते मी यादी करून देते.”

“एका रेघेनं पोटापाण्याचं राहतं का हो बाई?”

“माझं एकतीस वर्षं राहिलं,” बाई म्हणाल्या.

घरी वहिनींनी कपाळाला हात लावला. “वन्सं, सुखाचं पेन्शन खायचं सोडून लोकांच्या ‘ख’मध्ये कशाला पडता?” शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी कुंपणावरून सल्ला दिला. हे गृहस्थ घरातही फलाटावर असल्यासारखे बोलत. “अर्ज तीन प्रतींत करा! पोच घ्या! पोचेवर शिक्का घ्या! शिक्क्यावरची तारीख बघा!” त्यामुळे बाई नगरपालिकेत पोचायच्या आधीच त्यांचा अर्ज पोचला होता.

मुख्याधिकाऱ्यांनी तो वाचून कारकुनाकडे पाहिलं. “ही दुरुस्ती की नवीन काम?”

कारकून विचारात पडला. “आहे त्यात रेघ वाढतेय, साहेब. वाढीव बांधकामात बसवू का?”

“अहो, अक्षर आहे ते, माडी नाही!” बाई म्हणाल्या.

अर्ज बांधकाम विभागाकडे गेला. बांधकाम म्हणालं, दवाखाना आरोग्याकडे. आरोग्य म्हणालं, आम्हाला रोगी माहीत, अक्षर शिक्षणाकडे. शिक्षण म्हणालं, शाळेच्या भिंतीबाहेरचं अक्षर आमचं नव्हे. पाच दिवस बाई ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेल्या, आणि प्रत्येक टेबलावर त्यांना नव्यानं ‘ख’ काढून दाखवावा लागला. शेवटी मुख्याधिकारीच कंटाळले.

“हे बघा बाई, पंधरा दिवस देतो. पंधराव्या दिवशी सभा आहे. तोवर गावातल्या सगळ्या पाट्या निर्दोष दिसल्या तर पेंटर राहील. एक जरी पाटी चुकीची सापडली तर कंपनी. मग माझ्याकडे यायचं नाही.”

“यायची वेळ येणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि ते जरा जास्तच ताठ मानेनं म्हणाल्या.

लेखी हुकूम मिळाला तो असा: ‘गावातील सर्व पाट्यांवरील रव जोडून घेण्यास मंजुरी देण्यात येत आहे.’ कचेरीच्या टाइपरायटरचा ‘ख’देखील सुटाच होता.

“अहो, हा ‘ख’ सुटा आहे,” बाईंनी दाखवलं.

“मशीन सरकारी आहे, बाई,” कारकून म्हणाला. “त्याचे पाय जोडायचे तर वेगळा अर्ज लागेल.”

चार संध्याकाळ बाई वही-पेन्सिल घेऊन गावभर हिंडल्या. ‘ख’ मोजत चालणारी बाई पाहून लोक आधी थांबले, मग मागोमाग चालले, आणि मग स्वतःच दाखवू लागले. “बाई, इकडे एक आहे!” “हा जोडलेलाच आहे का बघा हो!” दवाखाना, कारखाना, छापखाना, बँकेची शाखा, खेळणी, खुर्च्या, खते. शिंपी तर हिरमुसला. “आमच्या पाटीत एकही ‘ख’ नाही. बघा ना, कुठे बसतो का.” छापखान्याच्या मालकानं मात्र साफ नकार दिला. आजोबांच्या वेळची पाटी आहे, पाय जोडून घेणार नाही. मग बाईंनी त्याला त्याच्याच पाटीवरचं ‘छाप रवाना’ मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं स्वतः स्टूल आणून दिलं.

एकूण भरले एक्केचाळीस. यादी बाईंनी चांगल्या जाड कागदावर शाईनं केली. साधी यादी, पण हाताची खोड कुठे जाते! दुकानांची नावं बारीक, सरकारी कचेऱ्यांची ऐसपैस, ‘कालवा रस्ता’ तिरका. प्रत्येकासमोर लिहिलं, ‘पाय बांधणे’. पेंटरनं ती घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, आणि काम सुरू झालं.

उंच पाट्यांसाठी वीज कचेरीची शिडी मागितली. लायनमन म्हणाला, शिडी जाईल तिथे मी जाणार. मग तो रोज सोबत आला आणि खाली उभा राहून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ सांगू लागला, जणू तारच जोडायची होती. खतवाल्याच्या पाटीवर रंग जरा पातळ होता. ‘ख’च्या पायातून ओघळ आला आणि वाळल्यावर ‘खते’चं ‘खुते’ झालं. खतवाला भडकला. पण दोन दिवसांत चार शेतकरी खुते मागून गेले, नवीन काही असेल म्हणून, आणि तो म्हणाला, राहू द्या. बाईंनी राहू दिलं नाही. रॉकेलचा फडका घेऊन त्या स्वतः पुसून आल्या. तेव्हापासून त्यांची चालच बदलली. गावातून जाताना त्या एकेका ‘ख’कडे अशा बघत, की जणू हजेरी घेत आहेत.

चौदाव्या दिवशी दुपारी स्टेशनमास्तर सायकलचा परवाना नवा करून घ्यायला नगरपालिकेत गेले. बोळातल्या निळ्या पाटीखाली थांबले, मान वर केली आणि फलाटाच्या आवाजात वाचलं, “पखाना विभाग!”

सगळी कचेरी टेबलावरून उठली.

पाटी होती ‘परवाना विभाग’. पण त्यातल्या बिचाऱ्या र आणि व चे पाय कोणीतरी नीट, सुबक, गव्हाएवढ्या रेघेनं जोडले होते. परवान्याच्या कारकुनाला आता उमगलं की सकाळी एक पोटावर हात धरलेले गृहस्थ घाईघाईनं आत येऊन “कडी कुठे आहे?” असं का विचारत होते. आणि त्यानं त्यांना “आधी फॉर्म भरा” असं सांगितलं होतं.

बाई धावत आल्या. पाटीकडे बघितलं आणि मनातल्या मनात यादी चाळली. यादीतला चाळिसावा नंबर. दवाखाना, कारखाना, छापखाना. चार संध्याकाळ ‘खाना’ बघून बघून त्यांच्या डोळ्यांना ‘रवाना’ दिसायचाच बंद झाला होता. पेंटरचा एक प्रामाणिक र, एक प्रामाणिक व, आणि बाईंनी दोघांना विनाकारण बांधून घातलं होतं. एकतीस वर्षांत पहिली चूक, आणि तीही असल्या शब्दात!

मुख्याधिकारी बोळात आले, वर बघितलं आणि एवढंच म्हणाले, “उद्या सभेत.”

घरी वहिनींनी बाईंपुढे ताट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “वन्सं, घाबरता कशाला? यादी कोणी पाहिलीय? हुकमात तर सरळ ‘रव जोडा’ असंच टाइप झालंय. पेंटरनं वाचलं तसं केलं. तुमचं नाव कुठे येतच नाही.”

बाईंनी जन्मभर आपलं नाव कुठे येत नाही म्हणून सोसलं होतं. आज ते येत नाही हीच सोय झाली होती. त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. सदस्य होते, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते, शहरातल्या कंपनीचा माणूस कापडात गुंडाळलेली नमुन्याची पाटी घेऊन बसला होता, आणि मागच्या बाकांवर निम्मं गाव. मुख्याधिकाऱ्यांनी पेंटरला उभं केलं.

“परवान्याची पाटी कोणी बिघडवली?”

“मी, साहेब.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

पेंटरनं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. “कोणाच्या नाही. हाताच्या भरात झालं.”

“यादी होती ना तुझ्याकडे? कुठे आहे?”

“हरवली.”

बाई उभ्या राहिल्या. “हरवलेली नाही. वरच्या खिशात आहे. घडी दिसतेय.”

“बाई, तुम्ही बसा,” पेंटर दातांतून म्हणाला.

“काढा ती, पेंटर.”

“मला ह्या गावात पाट्या रंगवून तीस वर्षं झाली. माझं एक चुकलं तर लोक हसून सोडतील. तुमचं—”

“काढा म्हणते ना!”

पेंटरनं यादी काढली. बाईंनी ती मुख्याधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवली आणि बोट लावलं. “चाळीस नंबर वाचा. माझ्या हातचं आहे. ह्यांनी मी लिहिलं तेवढंच केलं. चूक माझी.”

“आपली चूक कधी होत नाही असं ऐकलं होतं,” मुख्याधिकारी म्हणाले.

“एकतीस वर्षं झाली नव्हती. परवा झाली.” बोट अजून चाळीस नंबरवरच होतं.

तेवढ्यात इंजिनिअरांनी यादी पुढे ओढली. चष्मा वर केला, खाली केला, कागद उजेडाकडे धरला.

“हे कोणी लिहिलंय?”

“आत्ताच सांगितलं ना, मी. चूक—”

“चूक राहू द्या हो बाजूला. हा ‘कालवा रस्ता’ तिरका का काढलात?”

“पाण्याची नावं तिरकी काढतात,” बाई म्हणाल्या.

इंजिनिअर खुर्चीतून उठून उभे राहिले. “बाई, मी बावीस वर्षं ह्या अक्षरांवर बोट ठेवून नळ टाकतोय. ह्या भागातल्या नकाशांवरचा प्रत्येक ओढा ह्या हातचा आहे. आमच्या कचेरीत पैजा लागायच्या, की हा हात कोणाचा. मी म्हणायचो, कोणीतरी जाड चष्म्याचा कडक म्हातारा असणार.”

“चष्मा आहे,” बाई म्हणाल्या.

आधी मागच्या बाकावर वहिनी हसल्या, मग सगळं सभागृह.

मुख्याधिकाऱ्यांनी टेबलावर पेन्सिल आपटली. “ते सगळं ठीक. पण चूक ती चूक. यंत्राची पाटी बघा, म्हणजे कळेल.” कंपनीच्या माणसानं ऐटीत कापड काढलं. चकचकीत पत्रा, काळीभोर अक्षरं, एकसारखी. “ह्याला म्हणतात काम!”

“काय लिहिलंय?” इंजिनिअरांनी विचारलं.

उत्तर मागच्या बाकावरून आलं, फलाटाच्या आवाजात. “दवा रवाना!”

मुख्याधिकारी पुढे वाकून बघू लागले. कंपनीचा माणूस समजावू लागला, की पत्रा कापून केलेल्या साच्यातून अक्षर काढायचं तर मध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर अक्षराचं पोट गळून पडतं. इतक्या बारीक गोष्टीला कोणी हरकत घेत नाही.

“आमच्याकडे घेतात,” मुख्याधिकारी हळूच म्हणाले. त्यांना बहुधा मेहुण्याचं पत्र आठवलं.

पेंटरनं कानामागचा ब्रश काढला, खिशातल्या डबीत बुडवला आणि कोणाला न विचारता कंपनीच्या पाटीवर एक रेघ ओढली. गव्हाएवढी. “आता वाचा.”

ठराव असा झाला, की एकशेबाराच्या एकशेबारा पाट्या पेंटरनंच रंगवायच्या. मजकूर आधी नकाशेबाईंनी काढून द्यायचा. आणि रंगवण्यापूर्वी तो स्टेशनमास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवायचा. परवान्याच्या पाटीवरची रेघ बाईंनी त्याच संध्याकाळी स्वतः शिडीवर चढून खरवडली. लायनमननं शिडी धरली आणि ह्या खेपेला एक शब्दही बोलला नाही.

मुख्याधिकाऱ्यांची दोन वर्षांनी बदली झाली. जाताना त्यांनी आपल्या नावाची पाटी पेंटरकडून रंगवून नेली आणि नव्या गावी तीच लावली. सासूबाईंनी दाढ दुसरीकडे काढून घेतली, पण पुढे कधीही कोणती पाटी एकदा वाचून विश्वास ठेवला नाही. कंपनीच्या माणसानं साचा बदलला असं ऐकिवात आहे. परवान्याचा कारकून निवृत्त होईपर्यंत कोणीही घाईत आत आलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघत असे. स्टेशनमास्तर नऊ वर्षं पाट्या वाचत राहिले. ते गेल्यावर काही दिवस गावाला फार शांत वाटलं. पेंटरनं हात थरथरायला लागेपर्यंत रंगवलं, आणि त्याची मुलगी शिकून त्याच खोलीत स्वतःच पाट्या करू लागली. वडिलांपेक्षा तिचा हात सफाईदार आहे, असं तोच सगळ्यांना सांगे. वहिनींना शेवटपर्यंत ‘ख’चं एवढं काय ते कळलं नाही, पण माहेरी गेल्या की नणंदेची गोष्ट त्याच सांगत, आणि दर वेळी सभागृह मोठं होत जाई.

इंजिनिअर एकदा कचेरीतून जुना नकाशा गुंडाळून घेऊन आले. “बाई, ह्यावर सही करा. तुमची.” बाईंनी चार दिवस तो टेबलावर पसरून ठेवला. कुठल्या ओढ्याला धक्का लागू नये म्हणून जागा शोधत होत्या. मग अगदी खालच्या कोपऱ्यात, एकदाही न खोडता, आपलं पूर्ण नाव घातलं. इतकं बारीक, की नुसत्या डोळ्यांना ती रेघ वाटते. बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो नकाशा नगरपालिकेच्या सभागृहात काचेत लावलेला आहे आणि शेजारी दोरीला एक भिंग टांगलेलं आहे. ते तीनदा चोरीला गेलं, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नवं आलं. अर्ज न करता नगरपालिकेकडून मिळालेली गावातली ती एकमेव वस्तू.